कुकडीकांठची राख आणि तिचे धनी

(नभोवाणीवरील भाषण)



पिंपळवंडीहून कुकडीच्या ओघाबरोबर खालीं उतरत गेलें म्हणजे बोरी बुद्रुक हें गांव लागतें. तेथें नदीच्या दरडींत, तपकिरी मातीच्या मधोमध, एक पांढरट थर दिसतो. हाताला तो मैद्यासारखा मऊ लागतो. परंतु चिमूटभर घेऊन बोटांत चोळला तर बारीक कचकच जाणवते. कारण ती माती नव्हे; ज्वालामुखीच्या पोटांतून उडालेल्या कांचेचा तो चुरा आहे, ज्वालामुखीची राख आहे.

महाराष्ट्राचा काळा खडक सगळाच लाव्ह्याचा, तेव्हां येथें राख सांपडली यांत नवल तें काय, असें कोणासहि वाटेल. नवल आहे तें तिच्या वयाचें. सह्याद्रीचा लाव्हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहून थिजला. त्याच्या थरांच्या एका समूहास भूगर्भशास्त्रज्ञांनीं शेजारच्या भीमाशंकराचेंच नांव दिलें आहे. बोरीची राख त्या मानानें अगदीं कालपरवांची, आणि ती येथली नव्हेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९८० च्या दशकांत या दरडींत आदिमानवाचीं दगडी हत्यारें व ही राख यांचा अभ्यास केला. प्रथम राखेचें वय चौदा लक्ष वर्षें असें प्रसिद्ध झालें. मग निराळ्या पद्धतींनीं निराळे आंकडे निघाले. पुढें कांचेचे रासायनिक घटक ताडून पाहतां १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें असें ठरविलें कीं, भारतांत ठिकठिकाणीं सांपडणारी ही राख एकाच स्फोटाची, सुमारें ७५,००० वर्षांपूर्वींची, आणि तो स्फोट सुमात्रा बेटांत टोबा येथें झाला. बोरीपासून तें ठिकाण ३,००० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढा पल्ला वाऱ्यावर तरंगत येऊन ती राख आमच्या कुकडीच्या कांठीं बसली.

हत्यारें राखेहून किती जुनीं, याविषयीं विद्वानांत पुष्कळ वर्षें वाद चालला. तो चालूं शकला तो एवढ्यासाठींच कीं, थर जागेवर होता. ज्यास शंका आली तो पुन्हा दरडीकडे गेला, त्यानें चिमूटभर राख नेली व नव्या यंत्राखालीं धरली. उद्यां कोणी तो थर खरवडून नेला तर वाद मिटेल खरा, पण न्यायाधीशानें निकाल दिल्यामुळें नव्हे, साक्षीदार नाहींसा झाल्यामुळें. म्हणून मी आज जो प्रश्न आपणांपुढें मांडणार आहें तो दिसावयास साधा आहे: या राखेचा धनी कोण?

त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं टोब्यास आज काय चाललें आहे तें पाहूं. स्फोटानें जो प्रचंड खळगा पडला त्यांत आतां सुमारें १०० किलोमीटर लांबीचें सरोवर आहे, आणि युनेस्कोनें २०२० सालीं त्या प्रदेशास जागतिक भू-उद्यान ही पदवी दिली. इंग्रजींत यास जिओपार्क म्हणतात. उद्यान या शब्दानें मात्र फसूं नये. कुंपण, फाटक, कारंजें यांचा येथें कांहीं संबंध नाहीं. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनें ज्याचें मोल साऱ्या जगास वाटावें असे खडक, दऱ्या किंवा जीवाश्म ज्या प्रदेशांत आहेत, आणि ज्याच्या सीमा नीट आंखल्या आहेत, असा तो नांदता मुलूख असतो. तेथें शेती चालते, बाजार भरतो, लग्नें लागतात. त्या खडकांचें रक्षण, त्यांविषयींचें शिक्षण आणि त्यांना पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांवर चालणारा स्थानिक लोकांचा चरितार्थ, या तिन्ही गोष्टी एकाच कारभाराखालीं आणणें हें भू-उद्यानाचें मर्म आहे. ही कल्पना फार जुनी नाहीं. १९९१ सालीं फ्रान्समधील दीन्य या गांवीं जमलेल्या शास्त्रज्ञांनीं पृथ्वीच्या स्मृतीलाहि कांहीं हक्क आहेत असा जाहीरनामा काढला. २००० सालीं फ्रान्स, ग्रीस, जर्मनी व स्पेन येथील चार प्रदेशांनीं मिळून एक संघ स्थापिला. २०१५ सालीं युनेस्कोनें त्यास आपल्या पदराखालीं घेतलें. २०२५ च्या एप्रिलांत अशीं भू-उद्यानें ५० देशांत २२९ झालीं होतीं. त्या यादींत भारताचें नांव नव्हतें.

पदवी एकदां मिळाली म्हणजे ती कायमची, असें येथें नाहीं. दर चार वर्षांनीं परीक्षक येतात. कारभार समाधानकारक असेल तर हिरवें कार्ड, आणखी चार वर्षें. उणिवा असतील तर पिवळें कार्ड, दोन वर्षांत सुधारा. न सुधारल्यास लाल कार्ड, आणि पदवी गेली. आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तरास ही रीति फार आवडली हें मी कबूल करतों. टोब्यास २०२३ सालीं पिवळें कार्ड मिळालें. सरोवर तेंच होतें, खडक तेच होते. परीक्षकांचे शेरे मुख्यतः व्यवस्थेविषयीं होते. तेथील लोकांनीं कंबर कसली व २०२५ सालीं हिरवें कार्ड परत मिळविलें. म्हणजे ज्या डोंगरानें आपली राख कुकडीपर्यंत फेकली त्याचीसुद्धां परीक्षा झाली ती माणसांच्या एकत्र बसण्याची.

आतां आमच्या खोऱ्यांत एकत्र बसावयाचें झालें तर कोणाकोणास बोलवावें लागेल? प्रथम बोरीचीच दरड घ्या. नदीचें पात्र शासनाचें; त्यांतील वाळूचा परवाना महसूल खात्याचा; कांठची जमीन शेतकऱ्याची; वरच्या धरणांतून पाणी केव्हां व किती सोडावें हें जलसंपदा खात्याच्या हातीं; आणि राखेचा अर्थ सांगणारे विद्वान दूर विद्यापीठांत. तसेंच खालीं निघोजला जावें. तेथें कुकडीनें काळ्या खडकांत रांजणाच्या आकाराचे खळगे कोरले आहेत. खडकांतील लहानशा खोबणींत गोटा अडकतो, पाण्याच्या भोवऱ्यानें तो गरगर फिरतो, फिरतां फिरतां खोबण घांसून खोल करतो. गोटा झिजून संपला कीं दुसरा येतो. हजारों वर्षें असा जात्याचा उद्योग चालला म्हणजे माणूस उतरेल एवढा रांजण तयार होतो. या रांजणखळग्यांचा एक तीर निघोजचा, म्हणजे पारनेर तालुका, अहिल्यानगर जिल्हा. दुसरा तीर टाकळी हाजीचा, म्हणजे शिरूर तालुका, पुणे जिल्हा. दोन्ही तीरांवर मळगंगेचें देऊळ आहे. देवीनें दोन्ही तीर धरले, पण सरकारी कागदांनीं नदीच्या मधोमध रेघ ओढली. एका तीरावर पोहण्यास मनाई केली आणि दुसऱ्या तीरावर केली नाहीं, तर त्या मनाईचा उपयोग काय?

पश्चिमेस नाणेघाटाची हीच कथा. घाटमाथा जुन्नर तालुक्यांत, पायथा ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत. सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख ज्या गुहेंत आहे ती पुरातत्त्व खात्याची. सभोंवतींच्या रानाशीं वनखात्याचा संबंध. आणि जुन्नर-आंबेगांवचीं पश्चिमेकडील आदिवासी गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडत असल्यामुळें १९९६ च्या पेसा कायद्यान्वयें तेथील ग्रामसभेस आपल्या मुलखाच्या साधनसंपत्तीविषयीं बोलण्याचा विशेष अधिकार आहे. लेण्याद्रीस तर एकाच खडकांत दोन संसार आहेत: लेणीं बौद्धांनीं कोरलेलीं व आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत, आणि त्यांतील सातव्या लेण्यांत अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मज, त्याचा कारभार देवस्थानाकडे. शिवनेरी हाहि पुरातत्त्व खात्याचा. त्याचें नांव २०२५ च्या जुलईंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत चढलें. बेल्ह्याजवळ गुळुंचवाडीस पाण्यानें खडक पोंखरून केलेला नैसर्गिक पूल आहे; त्याकडे मात्र वाटसरूशिवाय फारसा कोणी पाहत नाहीं. राज्य सरकारनें २०१८ सालीं जुन्नर तालुक्यास विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केलें तें योग्यच केलें. परंतु खोरें तालुक्याच्या सीमेशीं थांबत नाहीं.

यांतील कोणतेंहि खातें आळशी किंवा दुष्ट आहे असें माझें म्हणणें नाहीं. प्रत्येकजण आपापला वांटा राखतो. अडचण ही कीं, पाहुणा वांट्यांत येत नाहीं. तो सगळ्याच मुलखांत येतो. त्याची मोटार ग्रामपंचायतीच्या रस्त्यावर, त्याचा कचरा वनांत, त्याचे पाय लेण्यांत, आणि तो पाण्यांत उतरला तर पोलिसांच्या व जलसंपदा खात्याच्या जबाबदारीवर. २०२५ सालच्या १५ जूनला, रविवारीं, मावळ तालुक्यांत इंद्रायणीवरील कुंडमळा येथें जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानें कोसळला व चौघांचे प्राण गेले. तें ठिकाणहि निघोजप्रमाणेंच खडकांतील कुंडांसाठीं प्रसिद्ध आहे. पूल धोक्याचा आहे असा फलक तेथें होता. फलक लावणारा होता. परंतु पावसाळ्याच्या रविवारीं इतकेच लोक येऊं देऊं, बाकीच्यांस वाटेंतच थोपवूं, असें म्हणण्याचा अधिकार आणि तें म्हणण्याइतकीं माणसें एकाच ठिकाणीं नव्हतीं. पावसाळ्यांत धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात तेहि असेच. ते निरुपायानें काढावे लागतात. त्यांनीं गर्दी थांबते, पण वाटेवरच्या चहावाल्याची चूलहि त्याच दिवशीं विझते.

राखेचें काय होऊं शकतें याचें उदाहरण आंध्र प्रदेशांत आहे. ज्वालापुरम् येथें टोब्याचीच राख पुष्कळ जाड थरानें सांपडते, आणि तेथें ती भांडीं घांसण्याच्या भुकटीसाठीं खणून नेण्यांत आली. २००७ सालीं याच ठिकाणच्या शोधानें जगांतील पुराणवस्तुशास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. कोणास दोष द्यावा? खणणाऱ्यास ती पांढरी माती होती. तिचें दुसरें कांहीं मोल आहे हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें, आणि सांगितलें असतें तरी न खणण्याबद्दल त्याच्या पदरांत काय पडणार होतें? केवळ हुकमानें काम भागतें असेंहि नाहीं. मुंबईस अंधेरींत गिल्बर्ट हिल नांवाची काळ्या खडकाची उभी टेकडी आहे. १९५२ सालीं तिला सरकारी संरक्षण मिळालें. तरीहि भोंवतालची खोदाई व घरें तिच्या पायाशीं येऊन भिडलीं.

तेव्हां एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. अशा मुलखाचा एकच धनी नेमूं गेलें तर तो दूरचा होतो, आणि धनी न नेमला तर ज्याचा हात आधीं पोंचेल तो मालक होतो. मधला मार्ग सामाईक कारभाराचा. हा शब्द आपल्या घरचाच आहे. चार भावांची सामाईक विहीर ज्यानें पाहिली आहे त्यास तो समजावून सांगावा लागत नाहीं. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, गाळ काढण्याचा खर्च वांट्याप्रमाणें, आणि पाणी आटलें कीं सर्वांचीच पाळी आखूड. पांझरेकांठच्या शेतकऱ्यांनीं फड पद्धतींत याहून मोठा पसारा पिढ्यान् पिढ्या चालविला. पाटकरी त्यांनींच नेमावा, त्याचा मुशाहिरा त्यांनींच द्यावा. भांडणें होतच असत. पण भांडण्याची जागा ठरलेली असे.

भू-उद्यानाचे नियमहि याच अंगानें जातात. कारभार पाहणारी संस्था देशाच्या कायद्यानें मान्य झालेली पाहिजे. तिचा लेखी आराखडा पाहिजे. आणि त्या मुलखांतील लोक, विशेषतः आदिवासी, त्यांत सहभागी पाहिजेत. भू-उद्यान म्हणून आपणहून निदान एक वर्ष काम केल्यावरच अर्ज करितां येतो. आणखी एक कडक नियम असा कीं, या संस्थेनें खनिजें किंवा जीवाश्म यांच्या विक्रींत भाग घेऊं नये. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट ज्यांनीं परदेशच्या संग्रहालयांत पाहिला असेल त्यांस हा नियम कां केला हें सांगणें नको.

आमच्या खोऱ्यापुरतें मी असें सुचवीन. संस्थेंत सर्व खात्यांचे प्रतिनिधि असावेत हें उघडच आहे; परंतु अध्यक्ष बदली होणारा अधिकारी असूं नये. तीन वर्षांत तो कामाची ओळख करून घेतो आणि नेमका त्याच वेळीं जातो. अधिकारी चिटणीस असावा, म्हणजे दप्तर नीट राहील. अध्यक्षपद ग्रामसभांकडे पाळीनें फिरावें. सभासदांत केवळ सरपंच पुरे नाहींत. ज्याच्या बांधाला राख आहे तो शेतकरी, घाटमाथ्यावर पाहुण्यांस नाचणीची भाकरी करून घालणारी बाई, जीपवाला, देवस्थानाचा कारभारी, हीं माणसें टेबलाशीं पाहिजेत, आणि त्यांस मत पाहिजे. नुसतें बोलावून चहा पाजून परत पाठविलें तर ती समिति नव्हे, समारंभ झाला. समित्यांचा आपल्याकडे तुटवडा नाहीं. तुटवडा आहे तो ज्यांच्या शब्दास किंमत आहे अशा समित्यांचा.

शब्दास किंमत कशानें येते? पैशानें आणि नाहीं म्हणण्याच्या अधिकारानें. आज पाहुणा एके ठिकाणीं तिकीट काढतो, दुसरीकडे वाहनतळाचे पैसे देतो, तिसरीकडे कांहींच देत नाहीं. साऱ्या खोऱ्यास एकच पावती असावी व तिचा वांटा आधीं ठरलेला असावा: कांहीं गांवांस, कांहीं स्वच्छता व रखवालीस, आणि कांहीं, ज्यांनीं न खणण्याचें कबूल केलें त्या जमीनधारकांस वार्षिक खंड म्हणून. हा शेवटचा वांटा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याची भीति खरी आहे. आज राख पाहावयास माणसें येतील, उद्यां विहीर खणूं देणार नाहींत, परवां जमीनच जाईल, असें त्यास वाटतें. १९८५ सालीं भीमाशंकरचें अभयारण्य झालें तेव्हांपासून रानाच्या हक्काविषयीं अशी धास्ती डोंगरकुशींतील लोकांस माहीत आहे. भू-उद्यानाची पदवी स्वतः होऊन शेतीवर कोणतीहि नवी बंदी घालीत नाहीं, एवढें तरी त्यास लेखी व त्याच्या भाषेंत सांगितलें पाहिजे. आणि जेथें बंदी हवी त्या चार हातांच्या पट्टीचे पैसे मोजले पाहिजेत.

याच खोऱ्यांत या प्रश्नाचा एक कठीण धडा नुकताच मिळाला आहे. खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे. आकाशांतून येणाऱ्या अतिक्षीण लहरी तिला ऐकावयाच्या असल्यामुळें भोंवतीं विजेचा व बिनतारी यंत्रांचा गोंगाट तिला चालत नाहीं. पुणें-नाशिक लोहमार्ग नारायणगांवाकडून नेण्यास त्यामुळेंच हरकत निघाली व रेल्वे खात्यास दुसऱ्या वाटेचा विचार करावा लागला. इकडील लोकांस तें फार लागलें. जगांतील ज्योतिषी ज्या दुर्बिणीचें नांव आदरानें घेतात ती आमची रेल्वे अडविते, अशी भावना झाली. विज्ञानाची बाजू मला पटते, आणि लोकांचा रागहि मला समजतो. विज्ञान-दिनाच्या प्रदर्शनास शाळांचीं मुलें खोडदला हौसेनें जातात. तशीच त्यांच्या वडिलांची बैठकहि वर्षानुवर्षें त्याच आवारांत भरत असती, तर हा प्रश्न वर्तमानपत्रांत येण्यापूर्वीं ओसरीवर आला असता.

केंद्राच्या खाण मंत्रालयानें २०२२ च्या डिसेंबरांत भू-वारशाच्या रक्षणासाठीं एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. हेतु उत्तम. पण त्यांत बहुतेक अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दिलेले होते व गांवांस फारशी जागा नव्हती, अशी टीका झाली. मला ती रास्त वाटते. सर्वेक्षणाच्या लोकांइतकें खडकांचें ज्ञान आपल्याकडे दुसऱ्या कोणास नाहीं. परंतु बोरीच्या दरडीवर रात्रीं यंत्र उतरलें तर तें प्रथम दिसणार शेजारच्या वस्तीला.

ग्रीसच्या लेस्वोस बेटावर दगड झालेलें एक अरण्य आहे, आणि पहिल्या चार भू-उद्यानांत तें होतें. त्याच बेटावर पेट्रा गांवच्या स्त्रियांनीं १९८३ सालीं, म्हणजे भू-उद्यान हा शब्दहि रूढ नसतांना, सहकारी संस्था काढून पाहुण्यांस आपल्या घरीं उतरवावयास सुरुवात केली होती. घरची व्यवस्था आधीं आणि पदवी मागून, हा क्रम मला ध्यानांत ठेवण्याजोगा वाटतो. आमच्याकडे राजुरीसारख्या गांवीं कृषिपर्यटन उभें आहे, राज्याचें त्याविषयींचें धोरणहि २०२० पासून आहे, म्हणजे पाया अगदींच कोरा नाहीं.

युनेस्कोकडे अर्ज जाईल तेव्हां जावो. त्याआधींच्या एका वर्षाचें काम बोरीपासून करितां येईल. पावसाळा ओसरल्यावर नदीचें पाणी उतरतें व दरड मोकळी होते. पुरानें ती दरसाल किती खचते, राखेचा थर किती उघडा पडतो, कोठें नवी खणती दिसते, हें वर्षांतून दोनदां मोजून ठेवावें. शाळेचीं मुलें, जमिनीचा मालक आणि तलाठी एकत्र उभे राहून मोजतील तर त्या नोंदीवर तिघांच्याहि सह्या होतील व पुढें तिच्याविषयीं तंटा राहणार नाहीं. मापाची पट्टी, दोन खुंट्या, सुतळी आणि एक शंभर पानी वही, एवढें साहित्य त्यास लागतें. पहिली नोंद दिवाळीची सुटी संपल्यावर करावी. तोंवर दरडीखालचा चिखल वाळलेला असतो.